माइस-रॅटच्या पिंजऱ्यात काय ठेवायचं: अ‍ॅनिमल हाऊसमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

अ‍ॅनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगांसाठीचे प्राणी ठेवतात तिथे, माझा पहिलाच आठवडा होता. खालच्या रांगेतल्या एका पिंजऱ्यात एक पांढरा माऊस वरच्या जाळीला लटकून एकच तार चावत होता. तार सोडायचा, खाली उतरायचा, कोपऱ्यात एक गिरकी घ्यायचा आणि पुन्हा त्याच तारेला लटकायचा. मी म्हटलं, "खेळतोय बघा." तिथे कित्येक वर्षं काम करणारे अटेंडंट काका म्हणाले, "खेळत नाही तो, ताई. रात्रभर त्याचं हेच चालतं." पिंजऱ्यात मक्याच्या कणसाचा भुसा होता, पेलेट (खाण्याच्या कोरड्या गोळ्या) होते, पाण्याची बाटली होती. बाकी काहीच नव्हतं.

एम.फार्म.ला किंवा पीएच.डी.ला आल्यावर ज्यांच्या हातात पहिल्यांदा असा पिंजरा येतो, किंवा जे अटेंडंट म्हणून नुकते कामाला लागलेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. प्राणी वापरावेत की नाही, हा प्रश्न मोठा आहे आणि मी तो टाळत नाही. पर्याय असेल तिथे प्राणी वापरूच नये, असं माझं ठाम मत आहे. पण आज रात्री जे प्राणी तुमच्या खोलीत आहेत त्यांची रात्र कशी जावी, हे बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे.

आधी दोन शब्द नीट समजून घ्या

मराठीत आपण दोघांनाही उंदीर म्हणतो, पण अ‍ॅनिमल हाऊसमध्ये कोणी तसं म्हणत नाही. लहान तो माऊस (अनेक असले की माइस), मोठा तो रॅट. या दोन वेगळ्या जाती आहेत आणि त्यांचं एकमेकांशी नातं वाईट आहे. रॅट माऊसला मारू शकतो, त्यामुळे रॅटचा वास माऊससाठी शिकाऱ्याचा वास असतो. दोघांना एका खोलीत ठेवू नका. रॅट हाताळलेल्या हातमोज्यांनी माऊसला उचलू नका.

दुसरा शब्द एनरिचमेंट. बरेचजण याचा अर्थ "पिंजऱ्यात खेळणी टाकणं" असा घेतात. तसं नाही. माऊस घरटं बांधतो, कुरतडतो, लपतो, चढतो. रॅट बिळं करतो, मागच्या पायांवर उभा राहतो, दंगामस्ती करतो, सोबत्यांच्या अंगावर अंग टाकून झोपतो. हे करण्यासाठीच त्यांचं शरीर आणि मेंदू घडले आहेत. ते करायला साधन आणि जागा देणं, म्हणजे एनरिचमेंट. वस्तू आपल्याला छान दिसते की नाही, हा प्रश्नच नाही. प्राणी तिचा उपयोग करतो का, एवढंच बघायचं.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४० च्या दशकात काही रॅट आपल्या घरी नेऊन मोकळे वाढवले. पिंजऱ्यात वाढलेल्या रॅटपेक्षा ते कोडी सोडवण्यात सरस निघाले. पुढे १९६० च्या दशकात बर्कलीला मार्क रोझेनझ्वाइग, मॅरियन डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की सोबती आणि बदलत्या वस्तू असलेल्या पिंजऱ्यात वाढलेल्या रॅटचा कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) जास्त जाड आणि वजनदार असतो. याचा तुमच्या प्रबंधाशी थेट संबंध आहे. रिकाम्या पिंजऱ्यातला प्राणी हा "नॉर्मल कंट्रोल", म्हणजे तुलनेसाठीचा निरोगी प्राणी, नसतो. त्याला हालचाल, ऊब, निवड यातलं काहीच मिळालेलं नसतं आणि आपण त्याच्यावर औषध तपासत असतो.

पायरी १: आठवडाभर काही बदलू नका, नुसतं बसून बघा

नव्या माणसाला ही पायरी सर्वात कठीण जाते, कारण काहीतरी करायची घाई असते. पण आधी काय होतं हे लिहिलेलं नसेल, तर नंतर काय बदललं हे कळणार कसं?

माइस आणि रॅट रात्री जागे असतात. सकाळी अकरा वाजता खोलीत गेलात तर सगळे झोपलेले दिसतील आणि "सगळं ठीक आहे" असं वाटेल. दिवे बंद होण्याच्या सुमाराला जा आणि पुढचा तासभर मंद लाल प्रकाशात बसा. लाल रंग त्यांना फारसा दिसत नाही. खोलीत शिरल्या शिरल्या नोंदी सुरू करू नका, थोडा वेळ जाऊ द्या. पुरुष संशोधकाच्या नुसत्या वासानेही माइस आणि रॅटमध्ये ताण वाढतो आणि त्यामुळे त्यांची वेदनेची प्रतिक्रिया दबते, असं मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं. माणूस खोलीत काही वेळ शांत बसला की हा परिणाम ओसरतो.

एक साधी वही ठेवा. प्रत्येक पिंजऱ्यासाठी काही गोष्टी लिहा. कोणी एकच हालचाल पुन्हा पुन्हा करतोय का: तार चावणं, गिरक्या, कोपऱ्यात सतत उड्या, झाकणाला लटकून कोलांट्या? कोणाच्या मिशा किंवा तोंडावरचे केस कापल्यासारखे गेलेत का? ते बहुतेक वेळा सोबत्याने उपटलेले असतात. कोणाच्या शेपटीवर किंवा पाठीच्या खालच्या भागावर चावे आहेत का? कोण पाठ कमानीसारखी करून, केस फुलवून बसलंय? रॅटच्या डोळ्यांभोवती किंवा नाकाशी लाल डाग आहेत का?

हे लाल डाग पहिल्यांदा पाहिल्यावर मी घाबरून रक्त आहे असं समजले होते. ते रक्त नसतं. डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारं पॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य असतं. एरवी रॅट अंग साफ करताना ते पुसून टाकतो. ताण असला, आजार असला, की ते जास्त येतं आणि पुसलं जात नाही. म्हणजे डाग दिसले तर दोन प्रश्न विचारायचे: याला कशाचा त्रास आहे, आणि याने स्वतःला साफ करणं का सोडलं?

पायरी २: परवानगी

तुमच्या मनात कितीही चांगलं असलं तरी स्वतःहून पिंजऱ्यात काही टाकू नका. भारतात प्राण्यांवरचे प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आणि १९९८ च्या नियमांखाली येतात. देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीला आता सीसीएसईए म्हणतात. जुन्या कागदांवर आणि जुन्या लोकांच्या तोंडी सीपीसीएसईए हेच नाव आहे, दोन्ही एकच. प्रत्येक संस्थेची स्वतःची आयएईसी, म्हणजे प्रयोगांना मंजुरी देणारी नैतिकता समिती, असते. तिच्यात पशुवैद्यक असतात, बाहेरचे एक शास्त्रज्ञ असतात, विज्ञानाबाहेरच्या एक सदस्य असतात आणि केंद्रीय समितीने नेमलेले प्रतिनिधीही असतात.

मंजुरीचा अर्ज, म्हणजे फॉर्म बी, भरताना पिंजऱ्यात काय ठेवणार, किती, किती दिवसांनी बदलणार, हे तिथेच लिहा. मंजुरीनंतर मध्येच बदल करण्यापेक्षा हे सोपं जातं. पशुवैद्यकांना आधी भेटा आणि वस्तू हातात घेऊन जा. कागदावर "नेस्टिंग मटेरियल" वाचून कोणाच्या डोळ्यांपुढे काही येत नाही. कागदाच्या पट्ट्या टेबलावर ठेवल्या की चर्चा लगेच मुद्द्यावर येते.

पायरी ३: घरटं

एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

माऊसचं शरीर लहान, त्यामुळे ऊब झपाट्याने निघून जाते. त्याला विश्रांतीच्या वेळी साधारण ३० अंश सेल्सिअस तापमान हवं असतं. आपल्या खोल्या असतात २२-२४ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याला एप्रन, मास्क घालून काम करताना बरं वाटेल अशा. माऊस त्यात दिवसरात्र गारठलेला असतो आणि बरीचशी ऊर्जा नुसतं गरम राहण्यात घालवतो. खोलीचं तापमान ३० वर नेणं हा त्यावरचा उपाय नाही. जागा असताना, हालचाल करताना त्याला तेवढं नको असतं, शिवाय भुश्यातला अमोनियाही वाढतो. उपाय म्हणजे त्याला घरटं बांधायला साहित्य देणं. मग किती ऊब हवी हे तो स्वतः ठरवतो. भिंत उंच करतो, वरून बंद करतो, उकडलं तर उघडतो.

साहित्य किती? चिमूटभर नको. ६ ते १० ग्रॅम द्या. ८ ग्रॅम कागदाच्या पट्ट्या वजनकाट्यावर ठेवून बघा, दोन्ही ओंजळी भरतात. आमच्याकडे सुरुवातीला प्रत्येक पिंजऱ्यात एक टिश्यू पेपर टाकत आणि "एनरिचमेंट दिलं" असं लिहीत. एका टिश्यूत घरटं होत नाही.

कोणतं साहित्य? लांब पट्ट्यांचा, चुरगळलेला, न छापलेला कोरा कागद सर्वात चांगला. तो ऑटोक्लेव्ह होतो, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करता येतो, आणि त्यातून घुमटासारखं घरटं बनतं. बाजारात दाबलेल्या कापसाचे चौकोनी तुकडेही मिळतात, ते माइस फाडून पिंजतात. कापूस आणि कागद दोन्ही मिळाले तर आणखी बरं: बाहेर कागद, आत मऊ अस्तर. मक्याच्या भुश्याचं घरटं होत नाही, ते दाणे आहेत, एकमेकांत अडकत नाहीत. भाताच्या तुसाचंही तेच.

इथे तीन सावधगिऱ्या. औषधाच्या दुकानातला लांब धाग्यांचा कापूस देऊ नका, पिल्लांच्या पायांना त्याचे धागे गुंडाळले जातात. केस नसलेल्या न्यूड माइसना बारीक तंतूंचं साहित्य नको, पापणीचे केस नसल्याने तंतू डोळ्यांत जातात. आणि सुतारकामाच्या दुकानातून पाइनचा किंवा देवदाराचा भुसा आणून टाकू नका. त्यातल्या वासाच्या द्रव्यांनी यकृतातली एन्झाइम वाढतात. तुम्ही औषधाचा चयापचय मोजत असाल तर सगळे आकडे बिघडतील.

घरट्याची आणखी एक गंमत आहे: त्याला गुण देता येतात. दिवे बंद होण्याच्या तासभर आधी ३ ग्रॅमचा कापसाचा चौकोन ठेवायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचं. चौकोन जवळजवळ तसाच असेल तर १. अर्धवट फाडलेला असेल तर २. बराच फाडला पण सगळीकडे विखुरला असेल तर ३. एका जागी जमवला पण सपाट असेल तर ४. माऊसच्या अंगापेक्षा उंच भिंतींची वाटी झाली असेल तर ५. ही पद्धत संशोधक रॉबर्ट डीकन यांनी मांडली आणि आज जगभर वापरली जाते. मला ती आवडते, कारण प्राण्याला हातही न लावता तो कसा आहे हे कळतं. काल ५ गुणांचं घरटं बांधणारा माऊस आज २ वर आला असेल, तर त्याला काहीतरी होतंय. शस्त्रक्रियेनंतर तर हे जरूर बघा.

व्यवस्थापन खर्चाची अडचण सांगेल. तेव्हा सांगा, की घरटं मिळालेले माइस खाणं कमी खातात, कारण ऊब टिकवायला तेवढं जाळावं लागत नाही.

पायरी ४: लपायची जागा, कुरतडायला काहीतरी, उंची

लपण्यासाठी पाइप चांगला. हार्डवेअरच्या दुकानात पीव्हीसी पाइप मापाने मिळतो: माइससाठी ५० मिलिमीटर, मोठ्या रॅटसाठी ९० ते ११०. रॅटला आत वळता आलं पाहिजे. कापलेल्या कडा सँडपेपरने गुळगुळीत करा. पीव्हीसी ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नका, १२१ अंशांना तो मऊ पडून वाकतो. जंतुनाशकात भिजवून, धुऊन, वाळवून वापरा. ऑटोक्लेव्ह करायचंच असेल तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिकार्बोनेट घ्या. कोकणातल्या आमच्या एका मैत्रिणीने पशुवैद्यकांच्या संमतीने नारळाची अर्धी करवंटी, एका बाजूला खाच पाडून, ऑटोक्लेव्ह करून वापरली. माइस आत झोपायचे आणि कड कुरतडायचे. पावसाळ्यात मात्र करवंट्यांवर बुरशी येते, तेवढे महिने त्या काढून ठेवाव्या लागतात.

कुरतडणं ही त्यांची गरज आहे, दात आयुष्यभर वाढत राहतात. रंग, पॉलिश नसलेले साध्या कठीण लाकडाचे ठोकळे द्या.

रॅटच्या बाबतीत उंचीकडे लक्ष द्या. वाढलेला रॅट मागच्या पायांवर सरळ उभा राहिला तर आपले बरेचसे नेहमीचे पिंजरे त्याला पुरत नाहीत, तो मान वाकवूनच राहतो. पिंजरे बदलणं तुमच्या हातात नसेल, तर आठवड्यातून काही वेळा एका उंच मोठ्या पेटीत सगळे सोबती एकत्र सोडा. त्यात पाइप, कागद, चढायला शिडी ठेवा. पहिले पाच मिनिटं ते कोपऱ्यात बसतील, त्यानंतर जे बघायला मिळतं ते बघाच.

पायरी ५: सोबत

एकटं ठेवणं हे शेवटचं साधन. पशुवैद्यकीय किंवा प्रयोगाचं ठोस कारण असेल आणि आयएईसीने मान्य केलं असेल तरच.

रॅटचं सोपं आहे, नर नरांत, माद्या माद्यांत साधारणपणे छान राहतात. माद्या माइसचंही तसंच. अडचण आहे ती नर माइसची. एका वेताचे भाऊ दूध तुटल्यापासून एकत्र ठेवले तर निभतं. मोठे झाल्यावर अनोळखी नर एकत्र आणले तर रक्त निघेपर्यंत भांडतात. गट एकदा बनवला की मोडू नका. प्रयोगासाठी एकाला बाहेर काढून दोन आठवड्यांनी परत टाकला, की तो त्यांच्यासाठी परका असतो. रँडमायझेशन करताना, म्हणजे कोण कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवताना, याचा विचार आधीच करा. पिंजऱ्यांचे गट बनवा, एकेक प्राणी उचलून नव्याने मिसळू नका.

लपायच्या वस्तूवरूनही नर भांडतात. एका पिंजऱ्यात एकच घर ठेवलं तर एक दादा ते अडवून बसतो. घराला दोन दारं हवीत. कागदाचं घरटं मात्र सहसा सगळे मिळून वापरतात.

पायरी ६: पिंजरा बदलताना

आपल्याला स्वच्छ वाटतो तो पिंजरा त्यांना अनोळखी वाटतो, कारण ओळखीचा सगळा वास गेलेला असतो. नर माइसच्या मारामाऱ्या पिंजरा बदलल्यानंतर लगेच होतात, हे काकांनी मला कुठलाही शोधनिबंध न वाचता सांगितलं होतं. संशोधनानेही तेच दाखवलं आहे. उपाय सोपा: जुन्या घरट्यातला कोरडा, स्वच्छ कागद नव्या पिंजऱ्यात न्या. लघवीने भिजलेला भुसा नेऊ नका, त्याने उलट मारामारी वाढते. ताजी पिल्लं असलेल्या पिंजऱ्याला पहिले काही दिवस हात लावू नका.

पायरी ७: हातात घेणं

हे मी सर्वात सविस्तर सांगणार आहे, कारण यात एक पैसा खर्च नाही आणि बहुतेक ठिकाणी आजही चुकीचं शिकवलं जातं.

माऊसला शेपटीने उचलायचं असं मला शिकवलं, माझ्या आधीच्यांना शिकवलं. २०१० मध्ये लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवलं, की शेपटीने उचललेले माइस हाताला टाळतात आणि चिंतेच्या चाचण्यांत जास्त घाबरलेले दिसतात. नळीतून किंवा ओंजळीत उचललेले माइस स्वतःहून हाताजवळ येतात.

करायचं असं. पिंजऱ्यातलीच नळी आडवी धरा आणि माऊसच्या तोंडासमोर, भिंतीच्या कडेने न्या. दुसरा हात मागून हलकेच आणा, पाठलाग करू नका. तो आत शिरतो. नळी उचला, दोन्ही टोकांना सैलसर तळवे ठेवा. सोडताना नळी तिरकी करून मागच्या बाजूने उतरू द्या. पहिल्या दिवशी प्रत्येक माऊसला मिनिटभर लागतं, आठवड्याभरात काही सेकंद. नळी रोज पिंजऱ्यातच राहिली तर ती ओळखीची होते आणि काम आणखी सोपं जातं. इंजेक्शनसाठी नंतर मान धरावी लागली तरी नळीचा फायदा जात नाही.

आता एलिव्हेटेड प्लस मेझचा विचार करा. अधिक चिन्हाच्या आकाराची ही उंचावरची चौकट, दोन बाजू उघड्या आणि दोन भिंतींच्या, फार्माकॉलॉजीच्या जवळजवळ प्रत्येक विभागात आहे. माऊस उघड्या बाजूंवर किती वेळ जातो यावरून औषधाने चिंता कमी झाली का, हे तुम्ही मोजता. त्याच माऊसला तुम्ही शेपटीला धरून लटकवत मेझवर आणला असेल, तर तुम्ही नक्की काय मोजलंत? शेपटीने उचललेले माइस उघड्या बाजूंवर कमी जातात. अशा आकड्यांवर उभे असलेले प्रबंध किती असतील, या विचाराने मला खरंच वाईट वाटतं.

रॅटला कधीच शेपटीने उचलू नका. एक तळहात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि अंगाशी धरा. आणि तरुण रॅटला गुदगुल्या करा. हो, अक्षरशः. ही सवय मेंदू-संशोधक याक पँक्सेप यांच्या कामातून आली. पिल्लं आपसात दंगा करतात तसं मानेच्या मागे बोटांनी झटपट खाजवायचं, हलकेच उताणं करून पोटावर गुदगुल्या, मग सोडायचं. एका रॅटला १५-२० सेकंद, सलग तीन दिवस. रॅट ५० किलोहर्ट्झच्या आसपासचे आनंदाचे आवाज काढतात. आपल्या कानांना ते ऐकू येत नाहीत, पण रॅट तुमच्या हाताचा पाठलाग करू लागला की समजा. घाबरलेला रॅट २२ किलोहर्ट्झचा आवाज काढतो, तोही आपल्याला ऐकू येत नाही. कोणी ताठरला, दूर पळाला, तर थांबा. प्रत्येकालाच हे आवडतं असं नाही.

पायरी ८: खाणं शोधायला लावा

थोडे पेलेट, किंवा ज्वारीच्या लाह्यांचे चार दाणे, कागदात विखरून टाका. शोधण्यातच अर्धा तास जातो. शेंगदाणे टाळा, विशेषतः यकृताशी संबंधित काम असेल तर. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन भाजूनही जात नाही. मधुमेहाच्या, लठ्ठपणाच्या अभ्यासात पेलेटशिवाय काहीच नको.

पायरी ९: खोली, आणि आपला महाराष्ट्र

परदेशी पुस्तकांत न सापडणाऱ्या काही गोष्टी.

मे महिन्यात विदर्भात वीज गेली आणि एसी बंद पडला, तर पहिली बातमी प्राणीच देतात. घरटं सोडून सगळे एकमेकांपासून दूर, अंग पसरून झोपले असतील, तर खोली गरम झाली आहे. भिंतीवरच्या तापमापकाकडे जाण्याआधी हे बघायची सवय लावा. जनरेटरला नुसता दिवा जोडलेला आहे की एसीसुद्धा, हे आजच विचारून घ्या. कोरड्या हवेत रॅटच्या पिल्लांच्या शेपटीवर कडी पडल्यासारख्या चुण्या येतात, त्याला रिंगटेल म्हणतात, आर्द्रता वाढवा. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर उलटी अडचण: कागद दमट होतो, अमोनिया लवकर वाढतो, तेव्हा भुसा एरवीपेक्षा लवकर लवकर बदला.

गणपती विसर्जनाच्या आणि दिवाळीच्या दिवसांत वर्तनाच्या चाचण्या ठेवू नका. ढोल-ताशे आणि फटाके तळघरातल्या खोलीपर्यंतही पोचतात. त्या सुमाराला पिल्लं होतील अशा जोड्या लावू नका, घाबरलेली आई पिल्लं मारून खाऊ शकते. एरवीचाही आवाज कमी करा. माऊसला आपल्यापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीचं ऐकू येतं. सोडलेला नळ, किल्ल्यांचा जुडगा, स्टीलच्या ट्रॉलीची खडखड, जुन्या ट्यूबची चोक, यातून असे आवाज निघतात जे आपल्याला कळतही नाहीत.

पांढऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांत रंगद्रव्य नसतं, तीव्र प्रकाशाने त्यांच्या डोळ्यातला पडदा (रेटिना) खराब होतो. रॅकची सर्वात वरची फळी ट्यूबच्या अगदी जवळ असते. तिच्यावर सावलीसाठी आडोसा करा. रात्री काही विसरलं म्हणून मोठा दिवा लावू नका.

पायरी १०: मोजा, लिहा

तुम्हाला नक्की ऐकावं लागेल: "हे सगळं टाकलं तर व्हेरिएशन वाढेल." संशोधक हानो व्यूर्बेल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांत माइसवर हेच तपासलं. एनरिचमेंटमुळे आकड्यांतला विस्कळीतपणा वाढला नाही. अट एकच: सगळ्या गटांना सारखंच द्यायचं. कंट्रोलला रिकामा पिंजरा आणि टेस्टला घरटं, असं कधीही नको. मध्येच सुरू किंवा बंदही करू नका. आणि शोधनिबंधात ते लिहा. प्राण्यांवरचे प्रयोग शोधनिबंधात कसे लिहावेत हे सांगणारी अराइव्ह मार्गदर्शक तत्त्वं, २०१० ची आणि २०२० ची सुधारितही, पिंजऱ्याची माहिती मागतात.

वेदना ओळखायला चेहरा शिका. माइससाठी २०१० मध्ये चेहऱ्यावरच्या खुणांचं मोजमाप तयार झालं: डोळे किती मिटलेत, नाक आणि गाल फुगलेत का, कान कसे वळलेत, मिशा कशा आहेत. प्रत्येकाला ०, १ किंवा २. रॅटसाठीही पुढच्याच वर्षी तसं मोजमाप आलं. शस्त्रक्रियेआधीचा फोटो काढून ठेवा, म्हणजे तुलना करता येते. गुण वाढले तर उद्याची वाट न बघता पशुवैद्यकांना फोन करा. त्यांचा नंबर दारावर आतल्या बाजूने चिकटवा.

ससे आणि गिनिपिग हा वेगळा विषय आहे, इथे थोडक्यात. दोघांनाही रोज गवत हवं, नुसते पेलेट पुरत नाहीत. गिनिपिगला खाण्यातून क जीवनसत्त्व मिळालंच पाहिजे, आणि अचानक आवाज झाला तर सगळे एकदम शिरू शकतील एवढा मोठा आडोसा हवा. सशाला कान न वाकवता उभं राहता आलं पाहिजे, चढून बसायला एक फळी हवी. सशाला थंडीपेक्षा उकाड्याचा जास्त त्रास होतो.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर, पहिला आठवडा बघण्यात गेल्यावर एकच रॅक घ्या. परवानगी हातात आली की संध्याकाळी दिवे जायच्या आधी प्रत्येक पिंजऱ्यात ८ ग्रॅम कागद ठेवा, वहीत तारीख लिहा. सकाळी आठच्या आधी या, कारण नंतर खोली झाडायला लोक येतात. झाकणं उघडू नका. बाजूने वाकून बघा, घरटं किती उंच झालंय, आणि आत किती जण आहेत. तार चावणाऱ्या त्या माऊसच्या पिंजऱ्यात मी हेच केलं होतं. पहिल्या सकाळी कागद तसाच होता. तिसऱ्या सकाळी कोपऱ्यात गोल घुमट होता आणि माऊस दिसत नव्हता. तार चावायची सवय त्याची पूर्ण गेली नाही, जुनी सवय सहजासहजी जात नाही. पण रात्रीच्या नोंदीत ती कमी झालेली दिसत होती. पुढच्या वेताच्या पिल्लांना पहिल्या दिवसापासून घरटं मिळालं, आणि त्यांच्यातल्या एकालाही मी तार चावताना पाहिलं नाही.